ढवळीला आवतन

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. मला चार चाकं आहेत, पाच माणसं बसतील एवढी जागा आहे आणि पुढंमागं एमएच पंचवीसची पाटी आहे. तरीही माझं बरंचसं आयुष्य बैल म्हणून गेलं. हसू नका. मोटारींच्या जातीत असं भाग्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असेल असं मला वाटत नाही. आणि त्या भाग्यानंच माझं पोट सडवलं, हेही तितकंच खरं. ते कसं घडलं आणि त्यातून मी कशी वाचले, तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पत्र्याला पत्रा जोडताना उडालेल्या ठिणग्या आणि मग अंगावर चढलेला रंग, एवढंच. माझ्यासारख्या शेकडो बहिणी रांगेत उभ्या होत्या आणि कुणाला कुठलं घर मिळणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सोलापूरच्या दुकानात आले आणि काचेआड पंधरा दिवस उभी राहिले. येणारी माणसं लाल, निळ्या गाड्यांभोवती घुटमळायची. पांढऱ्या रंगावर धूळ फार दिसते म्हणायची आणि पुढं जायची.

एक दिवस जळकोटचे शिवपुत्र आप्पा आले. डोक्याला पटका, पायात करकरणारे नवे जोडे. सोबत त्यांची बायको रुद्रम्मा आणि कॉलेजात जाणारा मुलगा रणधीर. रणधीरचा डोळा लाल गाडीवर होता. पण रुद्रम्मा सरळ माझ्याकडं आली, तिनं माझ्या टपावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अवो, हीच घ्या. ही आपल्या ढवळ्यावानी हाय."

ढवळ्या कोण ते मला घरी गेल्यावर कळलं. तो त्यांचा शेवटचा बैल. रुद्रम्मानं त्याला वासरू असल्यापासून हातानं चारलेलं. आदल्या उन्हाळ्यात तो म्हातारा होऊन गेला, त्याचा जोडीदार पाहुण्यांच्या दावणीला गेला आणि शेतात ट्रॅक्टर यायला लागला. ढवळ्या गेल्यावर रुद्रम्मा आठ दिवस धड जेवली नव्हती. पेंडीचं टोपलं घेऊन सवयीनं गोठ्यापर्यंत जायची आणि तशीच माघारी फिरायची.

मला घरी आणल्यावर कुठं उभी करायची यावरून बापलेकात बोलणं चाललं होतं. रणधीर म्हणत होता, अंगणात नवा पत्रा टाकू. रुद्रम्मानं एका वाक्यात निकाल लावला. "गोठा मोकळा ठिवू नये. हिला तितंच बांधा." असं म्हणून तिनं माझ्या पुढच्या चाकाशेजारी ढवळ्याचा खुंटा होता तसाच राहू दिला आणि माझं नाव ठेवलं ढवळी. माझ्या तोंडासमोर गव्हाण आली, वर आढ्याला घुंगरमाळ टांगलेली आणि खाली शेणानं सारवलेली जमीन. काचेआडच्या फरशीपेक्षा मला ती जागा कितीतरी बरी वाटली.

त्यानंतरची वर्षं माझ्या उमेदीची होती. आमच्या आळीतली मी पहिलीच मोटार, त्यामुळं मी आप्पांची कमी आणि आळीची जास्त होते. नवऱ्या मुली माझ्यात बसून सासरी गेल्या. तुळजापूरला, नळदुर्गला, धाराशिवच्या कचेरीत माझी कितीदा फेरी झाली त्याला गणती नाही. ज्वारीची पोती मी टपावर वाहिली आणि टोमॅटोचे क्रेट मागच्या सीटवर. शेजारच्या इरम्माला भर दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा आप्पांनी मला नळदुर्गच्या रस्त्याला अशी पळवली की वाटेतल्या बसच्या कंडक्टरनं आम्हांला शिव्या घातल्या. आम्ही वेळेत पोहोचलो. बाळबाळंतिणीला मीच घरी आणलं. रुद्रम्मानं माझ्या चाकावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझी ढवळी लई गुणाची!" त्या दिवशी माझं इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ गरम होतं.

आता पोळ्याचं सांगते. श्रावण सरता सरता आमच्याकडं पोळा येतो. त्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे घट्टे पडून निबर झालेले असतात. ते कोमट पाण्यानं शेकायचे, हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैलाला जेवणाचं रीतसर आमंत्रण द्यायचं. ज्याच्या जिवावर आपण खातो त्याला न बोलावता कसं वाढायचं, अशी ती समजूत.

मी आले त्या वर्षी घरात बैल नव्हता. पण रुद्रम्मा ऐकते थोडीच! तिनं हळद-लोण्याची वाटी आणली आणि माझे खांदे कुठं असतील याचा विचार करत माझ्याभोवती एक फेरी मारली. शेवटी पुढच्या चाकांच्या वरचा भाग म्हणजे खांदा असं तिनं ठरवलं. तिथं चोळलं. मग आरशाजवळ वाकून हळूच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." रणधीर हसून हसून गव्हाणीत बसला. आप्पा हसले नाहीत. कारण ढवळ्या गेल्यापासून ती पहिल्यांदाच मोकळी झाली होती आणि ते त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मला न्हाऊ घातलं. बैलाला ओढ्यात उभा करून धुतात, मला विहिरीच्या मोटरीचा पाइप लावून धुतलं. बाहेरून धुवून झाल्यावर रुद्रम्मानं माझे चारी दरवाजे उघडले आणि पाइप सरळ आत सोडला. "मानसं बसून बसून पोटात फुफाटा साठलाय बिचारीच्या," म्हणाली. सीटखालून धूळ, ज्वारीचे दाणे, बस्त्याच्या दिवशी सांडलेला चिवडा असं सगळं वाहून निघालं. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. मग बेगडाची पट्टी, कपाळाला घुंगरमाळ आणि बॉनेटवर पुरणपोळी. ती पोळी दरवर्षी कावळेच खायचे, पण मान माझा होता.

पोळ्याची गोष्ट पोळ्यापुरती राहिली असती तरी निभलं असतं. पण माया म्हटलं की तिला माप कुठलं? पुढं रुद्रम्मा दर अमावस्येला मला अशीच पोटातून धुवायला लागली. लांबचा प्रवास झाला की धुणं, लग्नाचं वऱ्हाड उतरलं की धुणं. पाणी वरून वाहून जायचं, पण माझ्या तळाला चटईखाली जे मुरायचं ते तिथंच राहायचं. गोठ्यातली जमीन ओली, ऊन आत येत नाही. बैलाचं अंग झटकून वाळतं. माझं पोट कोण झटकणार? मला तेव्हा यातलं काहीच कळत नव्हतं. कळलं असतं तरी मी नको म्हटलं असतं असं नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तुळजापूरहून येत होतो. नेहमीप्रमाणं रुद्रम्मा मागच्या सीटवर डाव्या बाजूला, चप्पल काढून. वाटेत एका डबक्यातून माझं चाक गेलं आणि खालून पाण्याची चिळकांडी उडून तिची पावलं भिजली. ती दचकली आणि मग खळखळून हसली. "बगा की अवो! म्या हिला धुते तर ही माझं पाय धुतीया!" आप्पाही हसले. पण आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, ते हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच मला नळदुर्गला बाबामियाँच्या गॅरेजात घेऊन गेले. बाबामियाँ म्हणजे माझे वैद्य. पहिल्या सर्व्हिसिंगपासून माझ्या अंगाला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही. त्यांनी मागची चटई उचलली, पान्याच्या टोकानं तळाला टोचलं आणि पाना आरपार गेला. भाकरीएवढं भोक पडलं. खालची जमीन दिसायला लागली.

"या अल्ला!" बाबामियाँ म्हणाले. "आप्पा, आतून पानी मारता का काय गाडीला?"

आप्पांनी सगळं सांगितलं.

"आप्पा, बैल धुतला तर उन्हात वाळतो. हिचं पोट वाळत न्हाय. घरात सांगा, बाहेरून कितीबी धुवा, आत फडकं मारा फकस्त. आनि हे सगळं कापून नवा पत्रा जोडायला पायजे. आठ दिवस गाडी ठिवावी लागंल."

आप्पांनी चटई परत भोकावर ओढली. मग म्हणाले, "आठ दिवस ठिवली तर ती इचारंल, काय झालं म्हणून. तिच्या धुन्यानं झालं हे तिला कळलं तर काळीज फाटंल तिचं. ढवळ्याच्या वक्ताला बगितलंय म्या. वरून काय तरी लावून दे बाबा. आनि ह्यातलं कुनाला बोलू नगंस."

बाबामियाँनी पत्र्याचा एक तुकडा भोकावर ठेवून चार रिबिटा मारल्या. वर गोणपाट, गोणपाटावर नवी चटई. "एक पावसाळा निघंल, जास्त न्हाय," असं त्यांनी बजावलं. एक पावसाळा निघाला, दुसरा निघाला, तिसराही निघाला. तात्पुरत्या गोष्टींचं आपल्याकडं असंच असतं.

त्यानंतर पोळा असो की अमावस्या, आप्पा म्हणायचे, "बाहेरून तू धू, आतून म्या धुतो." ते बादली घेऊन आत बसायचे, दार ओढून घ्यायचे आणि बादलीतलं पाणी हातानं नुसतं खळबळवत राहायचे. चटईवर थेंब पडू द्यायचे नाहीत. बाहेरून रुद्रम्मा विचारायची, "निगाली का घान?" आणि आत कोरड्या सीटवर बसून आप्पा म्हणायचे, "निगाली, निगाली." मला त्यांचं हसूही यायचं आणि दयाही यायची. एकमेकांच्या जिवाला जपता जपता माणसं एकमेकांशी किती खोटं बोलतात, ते मी माझ्या सीटवर बसवून पाहिलं आहे.

गेल्या संक्रांतीनंतर रुद्रम्मा गेली. तापाचं निमित्त झालं. धाराशिवच्या दवाखान्यात मीच तिला नेलं, पण परत आणायला मी नव्हते. त्यानंतर आप्पांनी मला गोठ्याबाहेर काढलं नाही. त्यांच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं. माझ्या टायरातली हवा बसली, उंदरांनी हॉर्नची वायर कुरतडली, सायलेन्सर फुटला, डावीकडची काच खाली उतरेना. कोंबड्या माझ्या बॉनेटवर बसू लागल्या. ज्या आळीची मी एवढी कामं केली, ती माणसं गोठ्यावरून जाताना माझ्याकडं बघेनाशी झाली. मी त्यांना दोष देत नाही. उभ्या गाडीकडं कोण बघतं?

रणधीर आता सोलापूरला नोकरीला असतो. आषाढात तो आला, माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "आप्पा, हुबी राहून सडण्यापरास कुनाच्या तरी कामाला येऊ दे. देऊन टाकू." आप्पांनी नुसती होकाराची मान हलवली. रणधीर सरळ मनाचा. त्यानं फोनवर माझा फोटो टाकला आणि खाली सगळं खरं लिहिलं: सायलेन्सरचं काम आहे, हॉर्नचं काम आहे, डावी काच उतरत नाही. भोकाचं लिहिलं नाही, कारण त्याला ते माहीतच नव्हतं. ते फक्त तिघांना माहीत होतं. आप्पांना, बाबामियाँना आणि मला.

रविवारी सकाळी तेरहून एक जोडपं आलं. श्रीनाथ आणि हर्षाली. तेरणेच्या काठाला त्यांची भाजीच्या रोपांची रोपवाटिका आहे. मोटारसायकलवर टाकीपाशी बसवून त्यांनी आपली पाच वर्षांची मुलगी आणली होती, आरोही. तिच्या हनुवटीवर टाके घातल्याची ताजी खूण होती.

श्रीनाथनं मला सुरू केलं. बॅटरी रणधीरनं आदल्या दिवशीच भरून आणली होती, तरी सहा महिन्यांनी मी पहिल्या झटक्यात सुरू झाले आणि रणधीरपुढं माझी मान ताठ झाली. श्रीनाथनं बाबामियाँना फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, सगळ्यांना ऐकू आलं. बाबामियाँ म्हणाले, "इंजिन एक नंबर हाये. बाकीचं आप्पाला इचारा. आप्पा सांगतील ते खरं."

श्रीनाथ आप्पांकडं वळला. "आप्पा, आता तुमीच वडीलधारे. घिऊ का?"

आप्पा गव्हाणीच्या कट्ट्यावर बसले होते. ते म्हणाले, "इंजिन चांगलं हाय." आणि खाली बघत राहिले.

मित्रांनो, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. मला वाटलं, आप्पांनी गप्प बसावं. ते बोलले तर हे लोक निघून जातील आणि मग माझ्या दाराशी भंगारवालाच येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला जगायचं होतं. आप्पांना वेगळीच भीती होती. भोक दाखवायचं तर ते कशानं पडलं तेही सांगावं लागणार. मग जळकोटपासून तेरपर्यंत लोक म्हणणार, शिवपुत्रची येडी बायको मोटार बैलासारखी धुवायची. गेलेल्या माणसाचं असं हसं व्हावं, आणि तेही आपल्या तोंडून, हे त्यांना सोसणार नव्हतं.

हर्षाली रणधीरला सांगत होती, "गेल्या महिन्यात खडीवर गाडी घसरली आन् हिला सहा टाके पडले. तवाच ठरवलं, जुनी का हुईना, चार चाकाचीच घ्यायची. पोरीच्या डोक्यावर छप्पर पायजे आन् पायाखाली जमीन."

तेवढ्यात आरोहीनं माझं मागचं डावं दार उघडलं. चपला बाहेर काढून ठेवल्या आणि आत चढली. सीटवर बसून तिनं विचारलं, "आजोबा, हिचं नाव काय?"

"ढवळी," आप्पा म्हणाले.

"कुणी ठेवलं?"

"आमच्या घरातल्यांनी."

आरोही सीटवरून उतरून चटईवर उभी राहिली आणि पुढच्या सीटला धरून नाचू लागली. ती अगदी त्याच जागी नाचत होती, जिथं रुद्रम्माची पावलं भिजली होती. खाली चारपैकी दोन रिबिटा केव्हाच तुटलेल्या होत्या. पत्रा कुरकुरला. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्या हॉर्नची वायर उंदरांनी खाल्लेली.

तो आवाज आप्पांनी ऐकला. श्रीनाथनं खिशातून विसार काढून त्यांच्यापुढं धरला होता. आप्पांनी तो हात बाजूला सारला आणि कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी चाचपडत माझ्याकडं आले.

"थांब बाळ. नाचू नगंस. पाय वर घे. सीटवर बस."

त्यांनी गुडघे टेकले. आधी चटई ओढली, मग गोणपाट, मग पत्रा. पत्रा त्यांच्या हातातच आला. माझ्या पोटातून गोठ्याची जमीन दिसू लागली. चार वर्षांत भाकरीची परात झाली होती.

"आप्पा!" रणधीरचा आवाज चिरकला. "हे कधीपासनं?"

"चार वर्षं झाली." आप्पा तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. मग श्रीनाथकडं तोंड करून म्हणाले, "माज्या बायकूनं धुवून धुवून पडलंय हे. बैलावानी धुवायची हिला, पोटातनं. तिला वाटायचं, हिला बरं वाटंल. तिची चूक न्हाय. मला बाबामियाँनं सांगितलं व्हतं, पर म्या तिला सांगितलं न्हाय. चूक माजी हाय. आन् आज बी म्या गप बसलो व्हतो."

श्रीनाथला हसू आलं. "बैलावानी? आतनं?" असं म्हणून तो हसलाच. मग हर्षालीनं त्याच्याकडं बघितलं तसा थांबला. पण आप्पांना ज्याची भीती होती ते हसणं त्यांच्या कानावर पडून गेलं होतं. त्यांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. हर्षालीनं मुलीला उचलून छातीशी धरलं आणि नुसती त्या भोकाकडं बघत राहिली. श्रीनाथनं विसार परत खिशात ठेवला. "इचार करून कळवतो," म्हणाला. इचार करून कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. मोटारसायकल निघून गेली.

रणधीर चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. माझ्या मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसला आणि म्हणाला, "आव्वाला सांगायला पायजे व्हतं, आप्पा. ती तशी खुळी नव्हती. समजलं असतं तिला."

"व्हय," आप्पा म्हणाले. "समजलं असतं. मलाच धीर झाला न्हाय." आणि रुद्रम्मा गेल्यापासून पहिल्यांदाच ते रडले. मीही रडले असते, पण मला तशी सोय नाही.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला येऊन गेला. त्यानं माझ्या अंगावर हातोडी वाजवून पाहिली आणि सोमवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. मी मनाची तयारी केली. गव्हाण, खुंटा, आढ्याची घुंगरमाळ, सगळं नीट बघून घेतलं. सतरा वर्षांत बऱ्याच जणांना त्यांच्या घरी पोहोचवलं होतं, माझी तक्रार नव्हती.

रविवारी अंगणात मोटारसायकलचा आवाज आला. या खेपेला श्रीनाथ आणि हर्षाली दोघंच होते. हर्षालीनं आप्पांना वाकून नमस्कार केला.

"आप्पा, ह्या पंधरा दिवसांत आमी चार गाड्या बघितल्या," ती म्हणाली. "समदे म्हनले, एक रुपयाचं काम न्हाय. एकानं पन चटई उचलून दावली न्हाय. म्या उचलायला गेले तर एकजण हातच धराया लागला. मला त्यांच्या गाडीचं भ्या वाटतं. तुमच्या गाडीचं भोक तरी म्या डोळ्यानं बघितलंय."

श्रीनाथ जरा अवघडून म्हणाला, "आन् त्या दिवशी हसलो त्याचं मनावर घिऊ नका, आप्पा."

आप्पांनी हात जोडले.

मी दहा दिवस बाबामियाँकडं होते. माझा सडलेला तळ कापून काढला, नवा जाड पत्रा जोडला, वरून-खालून काळा रंग मारला. सायलेन्सर, हॉर्न, काच, सगळं झालं. खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला. आप्पा रोज एसटीनं नळदुर्गला यायचे आणि दिवसभर स्टुलावर बसून राहायचे. बाबामियाँ म्हणायचे, "आप्पा, तुमी का येता? काम मी करतो." आप्पा म्हणायचे, "ह्या खेपेला डोळ्यादेखत हुंदे."

आता मी तेरला असते. मिरचीच्या, वांग्याच्या रोपांचे ट्रे वाहते. ट्रेमधून पाणी ठिबकतं, पण आरोही आधी खाली प्लास्टिक अंथरते आणि उतरवून झालं की कोरडं फडकं घेऊन आत शिरते. चटई उचलून बघितल्याशिवाय ती दार लावत नाही. हनुवटीवरची खूण आता फिकट झाली आहे. मला तिथं काही कमी नाही. तरी श्रावण सरत आला तसं मला कसंतरी होऊ लागलं. इथं माझ्या खांद्याला कोण हळद लावणार?

खांदमळणीच्या दिवशी दुपारी एसटीतून आप्पा उतरले. हातात पिशवी, पिशवीत वाटी. हळद-लोण्याची. त्यांनी माझे खांदे शोधले नाहीत, ते त्यांना ठाऊक होते. दोन्ही बाजूंना चोळलं. मग आरशापाशी वाकले. ते शब्द आजवर नेहमी रुद्रम्मा बोलायची, आप्पा कधी बोलले नव्हते. त्यांचे ओठ दोनदा हलून थांबले. तिसऱ्या वेळी शब्द आले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"आजोबा, गाडी जेवायला कशी येणार?" आरोहीनं विचारलं.

"तीच घिऊन यील की तुमास्नी."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी असेल, मोटार, सायकल, बैल किंवा माणूस, ज्याच्यावर तुमचा जीव आहे. जीव खुशाल लावा. पण आपण जे करतो ते त्याला सोसतं का, हे अधूनमधून वाकून बघत जा. आणि जपताना कुणाची चूक झाली तर ती चटईखाली झाकू नका, जवळ बसून सांगा. प्रेमाच्या माणसाला खरं सोसतं. न सांगितलेलं मात्र आतून कुरतडत राहतं, हे माझ्या पोटाइतकं कुणाला ठाऊक असणार!

दुसऱ्या दिवशी आम्ही जळकोटला गेलो. मी माझ्या जुन्या गोठ्यात, खुंट्याशेजारी उभी राहिले. रणधीरनं माझ्या कपाळाला घुंगरमाळ बांधली. बॉनेटवर पुरणपोळी आली आणि कावळेही आले. सगळे जेवायला आत गेल्यावर आप्पा एकटेच माझ्याकडं आले. मागचं डावं दार उघडलं. चटई उचलली आणि दिसत नव्हतं म्हणून तळावरून हात फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग गोठ्याच्या दाराकडं बघून, जिथं ती पाइप घेऊन उभी राहायची तिकडं बघून, म्हणाले,

"कोरडं हाय गं."